बरोबरीचा हात

हात पुढे आला आणि जयमालानं तो घेतला. घेऊन झाल्यावर तिला कळलं, आपण घेतला.

झालं ते एवढंच. रविवारची दुपार, पाऊण वाजायला आलेला, सीवूड्समधल्या विरंगुळा केंद्राचा हॉल, खिडकीकडचं तिसरं टेबल. समोर नजीब सर, उरणच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, बुद्धिबळ क्लबातला सगळ्यांत हळू बोलणारा माणूस. चाल जयमालाची होती, घड्याळ तिचं पळत होतं. पटावर दोघांचा एकेक हत्ती उरलेला, तिची दोन प्यादी, सरांचं एक. राजा पुढे न्यावा की हत्ती मागे घ्यावा, या एका विचारात ती गळ्यापर्यंत उतरली होती, विहिरीत उतरावं तशी, एकेक पायरी चाचपत, गारवा अंगाला लागू देत. दोनच पायऱ्या राहिल्या होत्या. खाली काहीतरी चमकत होतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीत, जिथे महिला मंडळाचा जेवणाच्या डब्यांचा उद्योग चालतो, तिथे कढईत मोहरी तडतडली, कढीपत्त्याचा वास दारातून आत आला, आणि सर घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, बरोबरी?" त्यांचा हात पटावरून पुढे आला. नखं नीट कापलेला, मनगटाशी पांढरे केस असलेला, सभ्य हात. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात उठला, त्या हातात गेला, दोनदा हलला आणि परत येऊन मांडीवर पडला. सरांनी घड्याळ थांबवलं. रीत असते तसे दोन्ही राजे उचलून पटाच्या मधोमध शेजारी शेजारी ठेवले. चाली टिपलेल्या एकमेकांच्या कागदांवर दोघांनी सह्या केल्या. अर्धा, अर्धा. कार्बनखालची पिवळी प्रत फाडून सरांनी तिच्यापुढे सरकवली आणि खुर्ची मागे घेतली. जयमाला बघत राहिली ती त्या घराकडे, जिथून तिचा राजा उचलला गेला होता. काळं घर. रिकामं. आता तिथं कोणी उभं होतं असं सांगितलं तरी खरं वाटलं नसतं.

हिशेब साधा होता आणि हॉलमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. क्लबातले चौघे पुढच्या महिन्यात नाशिकला आंतरक्लब सामन्यांना जाणार होते, सात फेऱ्यांतले पहिले चार. जयमाला ही शेवटची फेरी जिंकती तर चौथी. अर्ध्या गुणानं ती पाचवी झाली. पाचवा म्हणजे राखीव. मागच्या वर्षीही ती राखीव होती. दोन दिवस कोल्हापूरच्या एका कार्यालयात भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून तिनं चौघांच्या पिशव्या सांभाळल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या होत्या, एकदा तर एकाच्या घड्याळाचे सेल आणायला स्टँडपर्यंत गेली होती. पटाला हात लागला तो शेवटी सोंगट्या डब्यात भरताना. या वर्षी जून महिन्यापासून तिनं रोज पहाटे एक तास काढला होता, कुकर लावायच्या आधी, फक्त हत्तींच्या शेवटांसाठी, म्हणजे पटावर हत्तीच उरले की डाव कसा संपवायचा त्यासाठी. कारण मागच्या वर्षी हत्तीच्याच शेवटात तिचा गुण गेला होता. आणि आज नेमका हत्तीचाच शेवट पटावर आला होता, तिला हवा तसा, सरांसारख्या माणसाविरुद्ध. यात आणखी एक गोष्ट खुपत होती. सर आज हरते तरी त्यांची जागा पक्की होती. त्यांना या अर्ध्या गुणाचं काही म्हणजे काही करायचं नव्हतं.

"मॅडम, तुमचं नाव राखीवमध्ये टाकलंय हां," क्लबचे सचिव सयाजीराव फळ्यावर खडूनं आकडे लिहिता लिहिता म्हणाले. "टेन्शन घेऊ नका. कोणी ना कोणी ऐन वेळी गळतंच."

"चालेल," जयमाला म्हणाली. आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या दातांना शिरशिरी आली, आवळा चावल्यासारखी.

खाली चहाच्या टपरीवर सर तिच्यासाठी कटिंग घेऊन उभे होते. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो परत उलगडून बघायचा, कुठे काय चुकलं ते, असा क्लबाचा रिवाज होता. त्याला सगळे पोस्टमॉर्टेम म्हणत.

"खरं सांगू का मॅडम," सर चहावर फुंकर घालत म्हणाले, "मला वाटलं होतं तुमी नाही म्हणाल."

"मग विचारलंत कशाला?"

"सवय हो. हत्ती-हत्ती उरले की मी विचारतो. समोरचा नाही म्हणतो, आपण पुढे खेळतो. त्यात काय."

"चाल माझी होती, सर. माझ्या वेळात विचारलंत."

सरांनी पेला खाली घेतला. त्यांचा चेहरा खरोखर ओशाळला. "ते माझं चुकलंच. आपली चाल करून मगच विचारायचं असतं. तुमी पंचांना सांगायला पायजे होतं."

भांडायला यावं आणि समोरच्यानं पाट मांडून द्यावा, तसं झालं. माणूस लबाड असता तर दुपार सोपी गेली असती. राग कुठेतरी नेऊन ठेवता आला असता. "जिंकत होते का मी?" असं तिला विचारायचं होतं, पण ते तिनं विचारलं नाही. त्यांनी हो म्हटलं असतं तर ते सहन झालं नसतं, आणि नाही म्हटलं असतं तर त्याहून नाही. चहा अर्धा ठेवून ती निघाली.

बस स्टॉपवर न थांबता ती तळ्याच्या बाजूनं चालत राहिली. पाणी ओसरलं होतं, चिखल उघडा पडला होता, लांबवर फ्लेमिंगो एका पायावर उभे होते, आणि कठड्याशी एक कुटुंब त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होतं. ऊन डोक्यावर. जयमालाला त्या वासाची आठवण सोडेना. मोहरी आणि कढीपत्ता. वास नाकात होता की आणखी कुठे आत, खोल, चाळीस वर्षं मागे? रोह्याला पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत रेक्झिनचा घडीचा पट पसरलेला असायचा. काळ्याचा एक घोडा हरवला होता, त्याच्या जागी आईच्या शिवणाच्या दोऱ्याचं रीळ. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सुयश, दोन वर्षांनी धाकटा. बाबांनी दोघांना एकदमच शिकवलं होतं, पण खेळ उतरला तो तिच्या अंगात. सुयशच्या नाही. तो तोंड वेडावायचा, पाय हलवायचा, आणि डाव हातातून सुटायला लागला की दोन्ही तळव्यांत हनुवटी ठेवून मूग गिळून बसायचा. चाल करायचाच नाही. पोहे कांडणाऱ्या गिरणीचा भोंगा व्हायचा, आत फोडणी तडतडायची, ताटांचा आवाज यायचा. मग पदराला हात पुसत आई दारात. "पानं घेतलीत. उठा आता. बरोबरी." आईला खेळातलं काही कळत नसे. हत्तीला ती उंट म्हणायची. पण तिचा एक कायदा होता, पान वाढलं की डाव बरोबरीत सुटला. हरल्या तोंडानं कोणी घास घ्यायचा नाही. अन्नाला लागतं ते, म्हणायची. आणि तांदूळ निवडताना गुणगुणायची, तिची तिनंच जुळवलेली असावी अशी एक ओवी.

दोन माझी बाळं, ताजव्याची पारडी,
देवा, हलू देऊ नको मधली दांडी.

जयमालाला ती ओवी फार आवडायची. आई आपल्या दोघांना तोलून धरते आहे, दोन्ही हात लांब करून, डोळे मिटून, असं काहीतरी तिला दिसायचं. बरोबरी म्हणताना आई हसायची, आणि ते हसू मिळायचं म्हणून जयमाला आधी हात पुढे करायची, सुयशच्या आधी. तो हात तिनं इतक्या वेळा पुढे केला होता की पुढे पुढे तिला सांगावंही लागत नसे. सकाळभर रचत आणलेला डाव ती फोडणीच्या वासावर सोडून द्यायची आणि हात धुवायला उठायची, आणि आपल्याला काही सोडावं लागलं आहे असं तिला कधी वाटलंही नाही. आज तळ्याच्या कठड्याशी उभं राहून तिनं पहिल्यांदा एक गोष्ट आठवून पाहिली. ती स्वतः हरत असायची, तेव्हा? तेव्हा काय व्हायचं? तिनं डोळे बारीक केले. पटावर रीळ होतं, सुयशचा वजीर होता, तिचा राजा कोपऱ्यात होता. सुयश भराभर चाली करायचा, हात कसे चालायचे त्याचे तेव्हा. डाव जेवणाच्या कितीतरी आधी संपायचा. दारात कोणी यायचं नाही. तो "आई, मी जिंकलो" ओरडत आत पळायचा आणि आत त्याच्या हातावर गूळ-खोबरं पडायचं, ते चघळत तो बाहेर यायचा. म्हणजे दांडी हलत होती. सगळी वर्षं हलत होती, आणि ती गोड आवाजाच्या बाजूला बघत राहिली होती.

आई वाईट नव्हती. हेच पुन्हा. कुणीच वाईट नव्हतं. कुणावर टाकावा हा अर्धा गुण?

तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात जयमाला बावीस वर्षं रंगछटा जुळवायचं काम करत होती. मूळ पत्रा आणि नवा नमुना एका दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे, बघायचं, मग दुसऱ्या दिव्याखाली, मग खिडकीच्या उजेडात. बाकीच्यांना दोन्ही सारखेच दिसायचे. तिला दिसायचं की नवा किंचित हिरव्याकडे गेलाय. पिंपंच्या पिंपं तिनं परत पाठवली होती, मॅनेजर दात ओठ खात असताना. तिथं तिला कोणी कधी "जाऊ द्या मॅडम, बरोबर म्हणा" असं म्हणायला धजलं नव्हतं. तिथं ती नाही म्हणायची आणि नाही म्हणजे नाही. मग हा हात कुठला होता, जो तिला न विचारता उठला? उजवाच होता. त्याच हातानं ती पिंपं परत पाठवायचा शिक्का मारायची. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं तो हात उलटा-सुलटा करून पाहिला. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाजलं का?"

"नाही," जयमाला म्हणाली. "असंच."

कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर घरी सगळ्यांची जेवणं उरकली होती. तिचा नवरा आशुतोष सोफ्यावर पेपर पोटावर घेऊन पडला होता. तिला बघून उठून बसला. तोही चांगला माणूस.

"काय झालं? हरलीस का जिंकलीस?"

"बरोबरी."

"अरे वा. ते सर म्हणजे तुमच्यातले टॉपचे ना? मग मस्त झालं की."

"मी जिंकत होते."

"पण हरली तर नाहीस." त्यानं पेपरची घडी घातली. "टीमचं काय?"

"राखीव."

"म्हणजे नाशिक आहेच. आपण पण येतो मागनं. फिरणं होईल."

तिनं चपला काढल्या, पाय धुतले, वाढून घेतलेलं ताट तसंच ओट्यावर ठेवलं. जेवायच्या टेबलावर स्वतःचा लाकडी पट मांडला आणि पिवळ्या प्रतीवरून शेवटची स्थिती लावली. अकरावीतली जाई खुर्ची ओढून शेजारी बसली, फोन काढला, पटाकडे बघत बघत एकेक सोंगटी फोनमध्ये भरली.

"काय करतेस?"

"मशीनला विचारते. एका सेकंदात सांगतं ते." जाईनं थोडा वेळ पाहिलं. "शून्य. आई, बरोबरीच आहे गं ही."

"राजा पुढे नेला तर?"

"शून्य."

"हत्ती मागे?"

"तरी शून्य. काही पण खेळ, सरांनी नीट खेळलं तर बरोबरीच." जाईनं तिच्या खांद्यावर हात टाकला. "बघ, उगाच चेहरा पाडून बसलीस. तुझं काहीच गेलं नाही."

"सुटलीस," सोफ्यावरून आशुतोष म्हणाला. "आता जेव."

घरातला ताण एकदम उतरला. पंख्याचा आवाजसुद्धा हलका झाल्यासारखा वाटला. जयमालाला मात्र हुंदका आला आणि तो कुठून आला ते तिला सांगता येईना. दुपारभर तिनं एक जिंकलेला डाव उराशी धरला होता, आपल्या हातानं घालवलेला, आपलाच. त्यासाठी ती उन्हात चालली, आईला आठवून आईचं गोड गाणं कडू करून बसली. आणि आता मशीन म्हणतं, असा डाव नव्हताच. म्हणजे शोक करायलाही काही ठेवलं नाही. पण हात उठला तेव्हा मशीन कुठे होतं? तेव्हा तर तिला माहीत नव्हतं. तळाशी चमकत होतं ते नाणं की नुसतं पाणी, हे बघायला दोनच पायऱ्या उतरायच्या राहिल्या होत्या, आणि ती वर निघून आली होती. पाणीच होतं, हे आता काठावरून कोणीतरी ओरडून सांगत होतं. सांगणाऱ्याचं खरं असेल. ती उतरली नव्हती हेही खरं होतं. हे जाईला कसं सांगणार? जाईनं कधी रीळ घोडा म्हणून हलवलं नव्हतं.

तिनं फोन उचलला आणि सरांना लावला. घंटी बराच वेळ वाजली. बाईचा आवाज आला.

"कोन?"

"मी जयमाला. बुद्धिबळ क्लबातली."

"ओ, उठा जरा," सरांच्या पत्नी सकिनाभाभी पलीकडे म्हणाल्या. "तुमची मॅडम हाय. सकालभर खेळून पोट नाय भरला वाटतं."

सर आले. आवाजात झोप होती. "बोला मॅडम."

"सर, आपला डाव तिथून पुढे खेळायचाय मला."

"सह्या झाल्या मॅडम. निकाल लागला."

"निकाल राहू दे तोच. सयाजीरावांना काही सांगायचं नाही. मला डाव खेळायचाय."

"आत्ता? फोनवर?"

"आत्ता."

"जयमाला, अगं त्यांची झोप," आशुतोष म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"थांबा," सर म्हणाले. "पट काढतो."

तिनं फोन स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे सोंगट्या ओतल्याचा खळखळाट झाला, मग एकेक ठेवल्याचे टक टक आवाज. तिनं राजा पुढे नेला आणि घर सांगितलं. सरांनी लगेच हत्तीची चाल सांगितली, पाढा म्हणावा तशी. चार चाली झाल्या, पाच झाल्या. ती वेळ घेत होती. कुणी घड्याळ लावलेलं नव्हतं. तिच्या दोन प्याद्यांपैकी एक पाचव्या रांगेत गेलं, मग सहाव्या. आणखी दोन घरं, की त्याचा वजीर होणार होता. सरांचं एकटं प्यादं पटाच्या पार दुसऱ्या कडेला होतं, खाली यायला निघालेलं. मागे वळून हत्तीनं ते अडवायचं की आपलं पुढे रेटायचं? अडवलं तर पुन्हा सगळं सारखं, पुन्हा तीच दोन पारडी. तिनं रेटलं.

"आई," जाई हळूच म्हणाली. तिच्या हातात फोन होता.

"बंद कर ते."

"पण आई..."

"बंद कर म्हटलं ना."

पलीकडे पहिल्यांदाच सर थांबले. मग ते म्हणाले, "मॅडम, ही चाल नक्की ना?"

त्या प्रश्नातच तिला दिसलं. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. तिचं प्यादं शेवटच्या रांगेत जाण्याआधी त्यांचा हत्ती तिच्या राजाला शह देणार होता, राजाला एक घर मागे यावं लागणार होतं, तिच्या प्याद्याचा आधार सुटणार होता, आणि त्या एका चालीच्या उशिरात कडेचं एकटं प्यादं आधी तळाला पोचणार होतं. एक चाल. पहाटेचे सगळे तास आणि एक चाल कमी. कानशिलं तापली. पटावरचा हात तिनं मागे घेतला आणि टेबलाखाली धरून ठेवला.

"नक्की," ती म्हणाली.

सरांनी शह दिला. राजा मागे आला. कडेचं प्यादं उतरलं, पुन्हा उतरलं, वजीर झालं. त्यानंतरच्या तीन चाली तिनं खेळल्या, कारण खेळायच्या होत्या. मग सरांनी मात होते ते घर सांगितलं. स्वतःची चूक सांगावी इतक्या हळू आवाजात सांगितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा काय धरायचा नाही. फोनवरचा खेळ, तुमी जेवल्या पण नसाल. आपलं सकाळचं तेच खरं. बरोबरी."

"नाही सर."

"अहो, कागदावर बरोबरीच हाय."

"हरले मी. तुम्ही जिंकलात. तुमच्या वहीत तसं लिहा."

"कशाला उगाच..."

"लिहा सर. मी माझ्याकडे लिहिते."

सकिनाभाभींनी मागून काहीतरी विचारलं आणि सरांनी त्यांना गप केलं. मग कागद पलटल्याचा आवाज आला.

"लिहिलं," ते म्हणाले.

जयमालानं फोन ठेवला. आशुतोष उठून टेबलापाशी आला होता. पटाकडे बघून, मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, "चांगली बरोबरी होती. आता यात काय मिळवलंस?" चिडलेली होती ती, अजून, स्वतःवर, त्या एका चालीवर, नाशिकच्या खुर्चीवर, आणि पोटात भूक पेटली होती. तिनं पिवळी प्रत ओढून घेतली. अर्धा-अर्धाच्या खाली कार्बनची निळी रेघ होती. तिच्याही खाली तिनं पेनानं एकेक चाल लिहिली, आपली आणि सरांची, न चुकता, अगदी त्या प्याद्याच्या चालीसकट, आणि शेवटी स्वतःच्या नावापुढे शून्य काढलं. शून्य वाकडं आलं, खालच्या बाजूला थोडं फुगलेलं. तिनं ते खोडलं नाही.